उंट, कॅमल आणि क्रमेलक : कोणी कोणाकडून घेतलं?

बर्डीवाला
मेडिकल चौकाजवळचा उंटखाना नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑटोवाल्याला नुसतं 'उंटखाना' म्हटलं की पुरतं. तिथे आता उंट सोडून सगळं मिळतं. महालातल्या गाडीखान्यात गाड्या, तसे इथे कधी काळी उंट बांधत असतील, एवढा अंदाज कोणीही करेल.

तर झालं असं, की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या नावावरून विषय निघाला आणि एका काकांनी फॉरवर्ड टाकला : 'संस्कृतमध्ये उंटाला क्रमेलक म्हणतात. क्रमेलक, कमेल, कॅमल. इंग्रजांनी आपला शब्द चोरला. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' खाली अंगठ्यांची रांग.

माझी शंका अशी. गो आणि काऊ, मूषक आणि माऊस, पितृ आणि फादर हे एकमेकांचे नातलग आहेत हे वाचून माहीत आहे. उंट आणि कॅमल मात्र कुठूनच जुळत नाहीत. मग हा क्रमेलक खरा शब्द आहे की कोणी बसल्या बसल्या बनवला? खरा असेल तर काकांचं बरोबर का? आणि आपला 'उंट' कुठून आला? जाणकारांनी उजेड पाडावा. सोमवारी सकाळी फिरायला जाताना काकांशी गाठ आहे, म्हणून जरा घाई.

तर्रीबाज
काऊन भाऊ, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी उंट सोडला? मी उंटखान्यातच लहानाचा मोठा झालो, पन उंट पाह्यला तो फुटाळ्यावर, पोट्ट्याईले चक्कर मारनारा. मले तं कॅमल म्हटलं का शाळेतली शाई आठवते. जाणकार येईपर्यंत मी पोहे खाऊन येतो.

अमरकोशी
क्रमेलक शब्द अस्सल आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या वैश्यवर्गात उंटाची नावं एका ओळीत बसवली आहेत : 'उष्ट्रे क्रमेलकमयमहाङ्गाः करभः शिशुः'. म्हणजे उष्ट्र, क्रमेलक, मय आणि महांग ही चार नावं उंटाची, आणि करभ हे पिल्लाचं.

काकांच्या फॉरवर्डचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात बाण उलटा लावलाय. शब्द इकडून तिकडे गेला नाही, तिकडून इकडे आला.

इंग्रजी कॅमल लॅटिन कामेलुसवरून, ते ग्रीक कामेलोसवरून, आणि ग्रीकांनी तो सेमिटिक भाषांतून उचलला. हिब्रूत गामाल, अरबीत जमल, अक्कदीत गम्मलु. इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये सीरियात कर्कर इथे मोठी लढाई झाली. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याने तिचा वृत्तान्त दगडावर कोरून ठेवलाय. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत गिंदिबु नावाचा एक अरब आहे आणि त्याने आणलेले एक हजार उंट आहेत. अरबांचा लेखी उल्लेख असा उंटांसकटच सुरू होतो, आणि उंटासाठी तिथे हाच गम्मलु शब्द आहे.

ग्रीकांच्या देशात उंट नव्हता, त्यामुळे शब्दही नव्हता. हिरोडोटस सांगतो की इराणच्या सायरसने लिडियाच्या क्रोइससशी लढताना सामान वाहणारे उंट पुढे काढले आणि त्यांच्यावर स्वार बसवले. उंटांचा वास येताच लिडियाचे घोडे बुजून मागे वळले. असं जनावर पाहिल्यावर त्याचं नाव ते ज्यांच्याकडून ऐकलं त्यांच्याकडूनच घेणार.

आता आपल्याकडे पाहा. ऋग्वेदात उष्ट्र आहे. आठव्या मंडलात चेदींचा राजा कशु शंभर उष्ट्र आणि दहा हजार गाई दान देतो. पाणिनीने 'उष्ट्राद्वुञ्' असं स्वतंत्र सूत्र करून औष्ट्रक (म्हणजे उंटाचं, उंटापासूनचं) हा शब्द कसा साधायचा ते सांगितलंय. क्रमेलक मात्र वेदांत कुठेच नाही. तो भेटतो ग्रीकांशी चांगलीच ओळख झाल्यानंतरच्या वाङ्मयात आणि कोशांत.

मग मधला 'र' कुठून आला? तो आपल्या पंडितांनी घातला. उंट लांब लांब पावलं टाकतो, 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे हा धातू हाताशी होताच. परका शब्द दारात आला की त्याला घरचे कपडे शिवून द्यायचे, ही आपली जुनी खोड.

मूळपुरुष
हे सगळं पाश्चात्त्यांनी लिहिलेलं. मी साधा प्रश्न विचारतो. शब्दात 'र' नव्याने घुसणं सोपं की असलेला गळणं सोपं? कर्म-काम, चर्म-चाम, ग्राम-गाव. आपल्याकडे 'र' गळतोच. क्रमेलकाचं प्राकृतात कमेल झालं आणि ते ग्रीकांनी नेलं, असं का नको?

अमरकोशी
@मूळपुरुष, प्रश्न चांगला आहे, फॉरवर्डपेक्षा कितीतरी चांगला. 'र' गळतो हे शंभर टक्के मान्य. अडचण काळाची आहे. गम्मलु दगडावर कोरला गेला तेव्हा अलेक्झांडर जन्मायला पाच शतकं बाकी होती. आणि एका कुबडाचा उंट माणसाळला तो अरबस्तानात. ज्यांनी जनावर पाळलं त्यांनी त्याला नाव द्यायला दुसऱ्या देशातून शब्द येण्याची वाट पाहिली, हे पटत नाही. फिनिशियन आणि हिब्रू वर्णमालेतल्या तिसऱ्या अक्षराचं नाव गिमेल. परंपरा ते नाव उंटाशी जोडते. अक्षराचा आकार खरंच उंटावरून आला का यावर विद्वान भांडतात, ते भांडोत. ग्रीक गॅमा त्या गिमेलचंच रूप आहे.

पण 'र' गळण्याचा तुमचा नियम वाया जाणार नाही. तो दुसऱ्या शब्दाला चोख लागू पडतो.

रामटेकच्या गडावर कोणाबरोबरही जा, कालिदासाची दंतकथा निघतेच. पंडितांनी कपट करून एका अडाण्याचं लग्न विदुषी राजकन्येशी लावून दिलं. रात्री बाहेर उंट ओरडला. तिने विचारलं, हे काय ओरडतंय? तो म्हणाला, 'उट्र'. तिने पुन्हा विचारलं, तर सुधारून म्हणाला, 'उष्ट'. तिने कपाळावर हात मारला. त्यावर श्लोकही आहे : 'उष्ट्रे लुम्पति षं वा रं वा, तस्मै दत्ता निबिडनितम्बा'. उष्ट्र म्हणताना जो कधी ष खातो, कधी र, त्याच्या गळ्यात हिला बांधली. दैव रुसलं की काय करणार नाही!

आता गंमत बघा. त्या बिचाऱ्याने एका वेळी एकच वर्ण खाल्ला तर त्याला घराबाहेर काढलं. प्राकृत बोलणाऱ्या अख्ख्या समाजाने ष आणि र दोन्ही खाऊन 'उट्ट' केलं. पुढे त्यात अनुस्वार शिरला आणि हिंदीत ऊँट, मराठीत उंट झाला. त्या राजकन्येच्या कसोटीने आपल्यापैकी एकाचंही लग्न टिकलं नसतं.

खऱ्या कालिदासाने उष्ट्र नीट लिहिलाय, हेही सांगतो. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रघु कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी देतो आणि ते धन शेकडो उंट-घोड्यांवर लादून जातं : 'अथोष्ट्रवामीशतवाहितार्थम्'. ष आणि र दोन्ही जागच्या जागी.

तर्रीबाज
लग्न टिकलं नसतं 😂 हसून हसून पुरेवाट. सर, तुमी शाळेत असं शिकवलं असतं तं मी संस्कृत सोडून हिंदी घेतली नसती.

शब्दवेडी
वा, अमरकोशी! यात फारसीची बाजू घालते.

उष्ट्राचा सख्खा भाऊ इराणमध्ये आहे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'उश्त्र' म्हणजे उंट. पारशांच्या प्रेषिताचं नाव झरथुष्ट्र, त्याच्या शेवटी हाच उंट बसलाय. 'म्हाताऱ्या उंटांचा धनी' की 'उंट हाकणारा', यावर अभ्यासकांचं एकमत नाही. उंट मात्र सगळ्यांना मान्य. अवेस्तात फ्रशओश्त्र नावाचा त्याचा एक अनुयायीही आहे, त्याच्याही नावात उंट. म्हणजे ज्या काळी आपल्याकडे अश्व लावून अश्वपती, अश्वत्थामा अशी नावं ठेवत होते, तेव्हा तिकडे उंट लावून ठेवत होते. सम्राट दारियसच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तैग्रिस नदी ओलांडताना सैन्याचा एक भाग उंटांवर बसवल्याचं आहे, तिथे 'उशबारि' म्हणजे उंटावरून नेलेले असा शब्द येतो.

आता मला आवडणारा भाग. इराण आणि मध्य आशियाचा मूळचा उंट दोन कुबडांचा, म्हणजे बाल्ख उर्फ बॅक्ट्रियाचा. गामाल आणि जमल हे अरबस्तानच्या एका कुबडाच्या उंटाचे शब्द. आपण राजस्थान-कच्छमध्ये पाळतो तो एका कुबडाचा. म्हणजे जनावर अरबांच्या जातीचं आणि नाव इराण्यांच्या बाजूचं. दोन कुबडांचा उंट भारतात बघायचा असेल तर लडाखला नुब्रा खोऱ्यात हुंदरला जावं लागतं. अमरकोशाच्या त्या एका ओळीत उष्ट्र आणि क्रमेलक शेजारी बसलेत, म्हणजे पूर्वेचं आणि पश्चिमेचं अशी दोन्ही घराणी एकाच ओळीत. जगात इतरत्र अशी सोय क्वचित असेल.

फारसीत पुढे उश्तुरचा सुरुवातीचा उ गळून 'शुतुर' झालं. त्याला मुर्ग म्हणजे पक्षी जोडला की शुतुरमुर्ग, उंटासारखा पक्षी. माझ्या मते आपला शहामृग हा त्याचाच बदललेला चेहरा. क्रमेलकात जसा 'क्रम' घातला तसा इथे मुर्गचा 'मृग' केला, आणि ज्याला चार पाय नाहीत त्याला हरणांत नेऊन बसवला. बंगालीत सरळ 'उटपाखी' म्हणतात. शास्त्रीय नाव स्ट्रुथिओ कॅमेलस, तिथेही उंट. चिनी भाषेतही शब्दशः उंटपक्षी. जिराफाच्या शास्त्रीय नावात कॅमेलोपार्डालिस, म्हणजे उंट आणि बिबट्या एकत्र. लांब मान दिसली की लोकांना उंटच आठवत आलाय.

तर्रीबाज
शहामृगाच्या पोटातून उंट निंघाला! मले वाटे हरनाचं कोनी हाय ते.

बर्डीवाला
सगळ्यांचे आभार. आज काकांना अमरकोशाची ओळ आणि शल्मनेसर दोन्ही ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे क्रमेलक आहे ना? झालं तर मग.' घरी पोचेपर्यंत ती ओळ ग्रुपवर गेली होती, खाली तेच अभिमानाचं वाक्य लावून. असो. धागा चालू राहू द्या.

मोमीनपुरा_एक्स्प्रेस
अरबीच्या बाबतीत एक गडबड नेहमी होते, ती आधीच निस्तरतो. जमल म्हणजे उंट आणि जमाल म्हणजे सौंदर्य. 'मा' दीर्घ आहे की नाही एवढाच फरक. माणसांची नावं ठेवतात ती जमाल, सौंदर्यावरून. इजिप्तचे गमाल अब्देल नासर हेही जमालच. कैरोकडे ज चा ग करतात. त्यांच्या नावात उंट शोधू नये, आमच्या मोहल्ल्यातल्या जमालभाईंच्या तर अजिबातच नको.

अरबीत उंटाला एक शब्द नाही, ढीग आहे. जमल नर, नाका मादी, इबिल म्हणजे एकूण उंट. वय, रंग, दूध देते की नाही, पाण्यावर कितव्या दिवशी येते, प्रत्येकाला वेगळा शब्द. आपल्याकडे गाय, कालवड, गोऱ्हा, पाडा, भाकड असतं तसंच.

हिंगणघाटकर
उंट विदर्भाला परका आहे असं धाग्याचं वळण दिसतंय, म्हणून लिहितो. आमच्याकडे वर्धा, यवतमाळ, अमरावती पट्ट्यात कच्छकडचे रबारी पिढ्यान् पिढ्या मेंढ्या घेऊन फिरतात. शेत रिकामं झालं की शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री शेतात बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. तांडा हलतो तेव्हा पुढे उंट. उंट कसले, बहुतेक उंटिणी. पाठीवर खाट उलटी बांधलेली, तिच्यात गोधड्या, हंडे, नुकतीच जन्मलेली कोकरं, आणि कधी कधी घरातलं लेकरूही.

त्यांच्या तोंडी मादीला शब्द 'सांढणी'. आपल्या मराठीतली सांडणी तीच. पेशव्यांच्या पत्रांत 'सांडणीस्वार रवाना केला' असं येतं तेव्हा मला हेच जनावर दिसतं.

२०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले होते ते आठवत असेल. कत्तलीसाठी हैदराबादकडे नेताहेत अशी तक्रार होती. पशुपालकांचं म्हणणं, आम्ही इथेच फिरणारी माणसं, हे आमचे उंट. प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा पेपर वाचून इथल्याच कितीतरी लोकांनी विचारलं, 'आपल्याकडे उंट कुठून आले?' आमच्या शिवारातून दरवर्षी जातात, राजेहो. हायवेवरून दिसत नाहीत एवढंच.

महालची_माई
मी फारशी लिहीत नाही, पण सांडणीस्वाराचं नाव आलं म्हणून राहवलं नाही.

मराठीत उंटाच्या म्हणी आठवून पाहा. उंटावरचा शहाणा. उंटावरून शेळ्या हाकणे. आता हिंदीतल्या पाहा. ऊँट के मुँह में जीरा. देखें ऊँट किस करवट बैठता है. अब आया ऊँट पहाड़ के नीचे. फरक दिसतो का? हिंदीतल्या म्हणी उंटाच्या आहेत. तो खातो, कूस बदलून बसतो, डोंगराखाली आल्यावर त्याला आपली उंची कळते. ज्यांच्या अंगणात उंट बांधलेला असतो त्यांनी त्या केल्या आहेत. मराठीतल्या म्हणींत उंट काहीच करत नाही. करतो तो वर बसलेला माणूस.

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असेल. रांजणात वासराचं डोकं अडकलं. गावकऱ्यांना सुचेना. कोणी म्हणालं, अमुक शहाण्याला बोलवा. तो आला उंटावर बसून, आणि खाली उतरायला तयार नाही. उंट आत यावा म्हणून आधी वाड्याची भिंत पाडली. मग त्याने सल्ला दिला, वासराची मान कापा. कापली. डोकं रांजणातच राहिलं. मग म्हणाला, आता रांजण फोडा. रांजण गेला, वासरू गेलं, भिंत गेली, आणि शहाणा आला तसा उंटावरून परत गेला. सगळ्या गोष्टीत उंट बिचारा मुकाट उभा आहे.

शेळ्या हाकण्याचंही तसंच. शेळी हाकायची तर तिच्यामागे काट्याकुट्यांतून पायी पळावं लागतं. वर बसून 'हाऽड हाऽड' करणाऱ्याला शेळी कशाला जुमानेल?

माझं मत असं आहे की मराठी खेड्यात उंट कधी एकटा आलाच नाही. तो आला फौजेबरोबर, सरदाराच्या सामानाबरोबर, सरकारी टपालाबरोबर. पाठीवर नेहमी कोणीतरी सरकारी माणूस. म्हणून मराठी माणसाच्या डोक्यात उंट म्हणजे जनावर राहिलंच नाही, वरून हुकूम सोडणाऱ्याची बैठक झाली. रबाऱ्यांचा उंट वेगळा, तो रबाऱ्यांचा राहिला; त्याच्यावरून आपण म्हण केली नाही.

नागपूरची गोष्ट आणखी निराळी. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशची राजधानी होतो, त्यामुळे इथे दोन्ही उंट चालतात. माझ्या सासूबाई एका दमात 'उंटाच्या तोंडात जिरं' पण म्हणत आणि 'उंटावरचा शहाणा' पण. दुसरं बहुतेक सासऱ्यांना उद्देशून.

शब्दवेडी
माई, दंडवत. वाचनखूण साठवली.

हिंगणघाटकर
+१. हे कोणत्याही कोशात नाही मिळणार.

मूळपुरुष
पटलं. माई, लिहीत जा.

अमरकोशी
माईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत चांगला. पण सगळेच एकमेकांची पाठ थोपटायला लागलेत म्हणून एक सुभाषित नोंदवून ठेवतो :

'उष्ट्राणां च विवाहेषु गीतं गायन्ति गर्दभाः । परस्परं प्रशंसन्ति अहो रूपमहो ध्वनिः ॥'

उंटांच्या लग्नात गाढवं गायला. ते म्हणतात काय रूप, हे म्हणतात काय आवाज. आपल्यात उंट कोण आणि गाढव कोण ते ज्याने त्याने ठरवावं.

तर्रीबाज
मी गाढव. आवाज चांगला हाय माह्या.

मिहानचा_कोडवाला
अवांतर : आमच्या धंद्यात कॅमल केस नावाचा प्रकार असतो. दोन-तीन शब्द जागा न सोडता जोडून लिहायचे आणि प्रत्येक नव्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं. मध्येच वर आलेली अक्षरं म्हणजे कुबडं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे आपली लिपी या व्याधीपासून मुक्त आहे.

तर्रीबाजभाऊंच्या शाईबद्दल. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तेव्हा आधीचा छाप घोड्याचा होता. उंट नंतर आला. कॅमल आणि इंक जोडून कॅम्लिन. मराठी माणसाच्या कारखान्याचं नाव अशा रीतीने अरबी वाळवंटातून ग्रीस, रोम, इंग्लंड फिरून परत आलंय. आणि चित्रकलेच्या तासाला ज्याला 'कॅमल हेअर ब्रश' म्हणतात त्यात उंटाचा केस नसतो. बहुतेक वेळा खारीच्या शेपटीचे केस असतात. उंटाचे केस त्या कामाला फार लोकरी.

वैद्यबुवा
आयुर्वेदातला उंट राहिला. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले, त्यातल्या पित्तजाचं नाव उष्ट्रग्रीव, कारण तिथली पुळी उंटाच्या मानेसारखी वर आलेली असते. बाकी उष्ट्रासन सगळे करतातच. आणि आपल्याकडे पडीक रानात गोल काटेरी बोंडांची उटकटारी उगवते, तिच्याही नावात उंट बसलाय. ते काटे खायची हिंमत त्याचीच.

सदरवासी
बायबलमधला उंट कोणी काढला नाही, आश्चर्य आहे. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे वाक्य मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. त्यावर शतकानुशतकं वाद चाललाय. ग्रीकमध्ये कामेलोस म्हणजे उंट आणि कामिलोस म्हणजे जाड दोर. काही जुन्या टीकाकारांना वाटलं, मूळ शब्द दोर असावा, कारण सुईतून दोरच ओवायचा असतो. दुसरी कथा अशी की जेरुसलेमला 'सुईचं नेढं' नावाचा लहान दरवाजा होता आणि उंटाला सामान उतरवून, गुडघे टेकून त्यातून जावं लागे. ऐकायला छान, पण अशा दरवाजाचा पुरावा नाही. ही मध्ययुगात निघालेली गोष्ट आहे.

मला स्वतःला उंटच बरोबर वाटतो. अशक्य गोष्ट सांगायची तर अशक्यच सांगावी. बाबिलोनच्या यहुद्यांच्या तल्मूद या धर्मग्रंथात हेच सुईचं नेढं आहे आणि त्यातून जाणारं जनावर हत्ती आहे. तिथे कोणी दोर शोधत बसत नाही.

मोमीनपुरा_एक्स्प्रेस
@सदरवासी, कुराणातही आहे, सातव्या सूऱ्यात चाळिसावी आयत. सुईच्या छिद्रातून जमल जाईपर्यंत ते जन्नतमध्ये जाणार नाहीत. आणि गंमत म्हणजे तिथेही एका जुन्या पाठात जमलऐवजी 'जुम्मल' म्हणजे जहाजाचा जाड दोर असं वाचलं जातं. दोन भाषा, दोन ग्रंथ, आणि उंटाच्या शेजारी दोन्हीकडे दोरच उभा.

बर्डीवाला
तल्मूदमधल्या हत्तीवरून एक शंका. माझी मुलगी बुद्धिबळाच्या क्लासला जाते. तिथे सर 'बिशप' म्हणतात, तिचे आजोबा 'उंट' म्हणतात, आणि मोबाईलवरच्या खेळात एका रशियन मुलाने तिला सांगितलं की त्यांच्याकडे तो हत्ती आहे. घरात वाद पेटलाय. खरा कोण?

शब्दवेडी
तिघेही खरे. चतुरंगात गज, अश्व, रथ आणि पायदळ होतं. राजा-वजिराच्या शेजारची ती जागा अरबांच्या शतरंजमध्ये 'फील' म्हणजे हत्तीची. स्पॅनिशमध्ये अजून त्याला 'अल्फिल' म्हणतात, रशियनमध्ये 'स्लोन', म्हणजे सरळ हत्ती. युरोपात काहींना त्या सोंगटीच्या दोन टोकांत हत्तीऐवजी धर्मगुरूची टोपी दिसली आणि तो बिशप झाला. आपल्याकडे कोपऱ्यातला रथ गेला, तिथे हत्ती सरकला, आणि हत्तीची रिकामी जागा उंटाला मिळाली.

पण हत्तीच्या जागी उंट बसवणारे आपणच पहिले नाही. जर्मन घराण्यातल्या जुन्या भाषा बोलणाऱ्यांनी हत्तीही पाहिला नव्हता आणि उंटही. दूर कुठेतरी मोठं जनावर असतं एवढं ऐकलेलं. त्यामुळे लॅटिन-ग्रीकमधला हत्तीचा शब्द त्यांनी उंटाला लावून टाकला. गॉथिकमध्ये उंट म्हणजे 'उल्बंदुस', जुन्या इंग्रजीत 'ओल्फेंड', दोन्हींच्या मुळाशी एलिफंट. कॅमल लॅटिनमधून येऊन रुजल्यावर इंग्रजीतला ओल्फेंड मागे पडला. गॉथांचा शब्द मात्र स्लाव लोकांकडे गेला आणि तिथे टिकला. रशियनमध्ये उंटाला आजही 'वेर्ब्ल्युद' म्हणतात, तो हाच.

तेव्हा मुलीला सांगा, त्या रशियन मुलाला विचार : तुमच्या पटावर जो हत्ती आहे त्याला आम्ही उंट म्हणतो, आणि तुमच्या भाषेत जो उंट आहे तो मुळात हत्ती, हे तुला माहीत आहे का? तो विचार करत बसेल तेवढ्यात घड्याळातला वेळ संपेल त्याचा.